गच्चीवरची पावलं

सकवारअत्यानं विषय काढला तो केळीची पानं पुसता पुसता, दूधवाला आज उशिरा आला एवढंच सांगायचं असावं तसा.

"वैनी रोज वर चालते," ती म्हणाली. "गच्चीवर. जेवायच्या आधीं. आतां सांगूनच टाकतें, उद्यां म्हणाल अत्यानं लपवलं."

गिरीधरच्या हातातलं पान टरकन फाटलं. फाटलेलं पान सवाष्णींना चालत नाही. सुष्मितानं ते नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याच्याकडे न बघताच दुसरं दिलं.

"काय चालते म्हणजे?" नंदितानं विचारलं. लग्न तिचं होतं आणि पूजाही तिच्याच लग्नाची होती. "अत्या, प्लीज. घूस असेल."

"घूस जोडवी घालते काय ग?"

दूर पुलावरून मैलापूर स्टेशनात शिरणारी गाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत सगळे पानं पुसत राहिले.

घरात लग्न निघालं की आधी घरातल्या सवाष्ण गेलेल्या बायकांना जेवू घालायचं, ही या घराण्याची चाल. तंजावर सुटलं, वाडवडिलांची मोडी सुटली, मुलांच्या तोंडी मराठीपेक्षा तमिळ जास्त आलं, पण ही चाल काही सुटली नाही. आतल्या खोलीत पान मांडायचं, शेजारी नवी नऊवारी, मल्लीची म्हणजे मोगऱ्याची वेणी, हळदकुंकू आणि दिवा ठेवायचा, मग दार ओढून बाहेरून कडी घालायची. सगळ्यांनी बाहेर गप्प बसायचं. नवरा हयात असेल तर त्यानं तिला नावानं हाक मारायची, जी बहुधा जन्मात कधी मारलेली नसायची. आतून काही आवाज आला, भांडं सरकलं, पाल चुकचुकली, काहीही झालं, की तिनं कौल दिला आणि लग्न निर्धास्त करायचं. आवाज आला नाही असं आजवर घडलं नव्हतं. मैलापुरात पाल नाही असं घरच नाही, असं गिरीधर लहानपणी म्हणाला होता आणि आईनं पाठीत धपाटा घातला होता.

तीच आई आता आतल्या पानाची मानकरीण होती. त्रिपुरसुंदरीबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

"मी नीट ऐकलें," अत्या सांगत होती. "डावा पाय थोडा ओढत येते. वरच्या खोलीच्या खिडकीपर्यंत जाते, थांबते. निऱ्या उचलून घेते. मग वळते. बाळू, तूं बी ऐकलास की नाहीं? सांग त्यांना."

बाळू म्हणजे गिरीधर-नंदिताचे वडील, अप्पा. पंच्याहत्तरी ओलांडलेले बालाजीराव अजून थोरल्या बहिणीच्या तोंडी बाळूच होते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म गेला होता आणि वाकडा खिळाही त्यांच्या हातून कधी पास झाला नव्हता. आरामखुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"ऐकलों," ते म्हणाले. "म्हणून तर मी सकाळचं नागेश्वर पार्कला जायचं सोडलों. ती वर येते त्या वेळेला खाली कुणीतरी असायला होय की नाहीं?"

गिरीधरनं पुसलेलंच पान पुन्हा पुसायला घेतलं. अप्पा फिरायला का जात नाहीत म्हणून गेले कित्येक महिने सुष्मिता काळजी करत होती. गुडघ्याच्या डॉक्टरलाही दाखवून झालं होतं. आणि हे रोज खुर्ची ओढून खाली बसत होते, वर बघत, त्याची वाट पाहत.

कारण गच्चीवर गिरीधरच चालत होता.

रोज सकाळी डबा घेऊन तो पुढच्या दारानं बाहेर पडायचा, कपालीच्या देवळाच्या तळ्याला वळसा घालायचा आणि मागच्या बोळातून टाकी साफ करणाऱ्यांसाठी लावलेल्या लोखंडी जिन्यानं स्वतःच्याच घराच्या गच्चीवर चढायचा. आधी तो समुद्रावर बसून पाहत असे, मग एका वाचनालयात. दोन्हीकडे ओळखीचे भेटले. चेन्नईत माणसाला लपायला जागा नाही, हे त्याला पन्नाशीकडे झुकताना कळलं. गच्चीवरच्या खोलीत मात्र जुन्या गाद्या आणि पाण्याची मोटर एवढंच होतं; तिकडे कुणी येत नव्हतं. तिथे बसून बसून पाय गेले तर उद्या सिनेमात पावलं वाजवायचं काम आल्यावर काय करायचं, या भीतीनं तो सराव करायचा. पायाच्या बोटात पितळी वॉशर अडकवायचे, कारण खरी चांदी ऐकायला मेलेली वाटते आणि पितळेचे वॉशर चांदीसारखे वाजतात. मग चालायचं. कुणाची चाल चालायची हे त्यानं कधी ठरवलं नव्हतं. आईची चाल पायांत आपोआप आली आणि राहिली. खरं सांगायचं तर तेवढा वेळ त्याला बरं वाटायचं.

"मला तर वाटतें," अत्यानं पानाचा देठ कापला, "तिला ही सोयरीक पसंत नाहीं. समाधानी माणूस मेल्यावर झोपतं बापा, येरझारा घालत नाहीं. तिकडची माणसं, तिकडची भाषा. आपण मराठी, ते महाराष्ट्रातले. तिला कळतंय."

"पुष्कर सातारचा आहे, चंद्रावरचा नाही," नंदिता म्हणाली. "आणि आईनं त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं."

"म्हणूनच वरून बघतेय."

"अप्पा, तुम्ही काहीतरी बोला!"

अप्पांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "तिची इच्छा नसेल तर," ते म्हणाले, "मी कसा करूं ग? आज बघूं. कौल दिला तर प्रश्न नाहीं. पण एवढं रोज चालतेय आणि आज गप्प राहिली, तर मग मी थांबवतों. मुलाच्या आईलाही मी तसंच सांगतों."

नंदिताचा चेहरा एकदम लहान झाला. तिशी ओलांडलेल्या बहिणीचा तो चेहरा गिरीधरनं शाळेच्या दिवसांनंतर पाहिला नव्हता. वर्षभर लपवलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"ती आई नव्हे. वर मी असतों."

"तूं स्टुडिओत असतोस," अत्या म्हणाली.

"नाही अत्या. मला काम नाही. वर्ष उलटून गेलं. मी गच्चीवर असतों."

कुणाला धक्का वगैरे बसला नाही, कारण कुणाला कळलंच नाही. या घरानं पंधरा वर्षं त्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं होतं, पेमेंट यायचंय. पेमेंट सणाला यायचं नाही, बारशाला यायचं नाही, कधीतरी अवचित यायचं. त्यामुळे काम थांबलं तेव्हा घरात वेगळं असं काही ऐकूच आलं नव्हतं.

"पेमेंट अडकलंय," अप्पांनी अत्याला समजावलं.

"पेमेंट नव्हे अप्पा. काम. बोलावतच नाहीत."

"असं कसं अण्णा?" नंदिता म्हणाली. "गेल्या महिन्यात आपण सगळे सिनेमाला गेलो ना! शेवटी तुझं नाव आलं. मी फोटो काढला."

"ते दोन वर्षांपूर्वीचं काम. सिनेमा डब्यात पडून होता, आता लागला. अजून दोन-तीन लागतील. माझं नाव येत राहील. मी नसलों तरी येईल."

मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि सांगताना त्याला जाणवलं की आपलं काम नेमकं काय हेच आपण घरी कधी धड सांगितलेलं नाही. घरासाठी 'गिरी सिनेमात चालतो' एवढं पुरेसं होतं. पडद्यावरच्या माणसाच्या पावलांचा आवाज शूटिंगच्या वेळी नीट मिळत नाही. नंतर एका अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत कुणीतरी त्याच्या जागी चालतं, वाळूवर, फरशीवर, ओल्या दगडावर. या धंद्यात त्याला फोली म्हणतात. गिरीधर नायकासाठी चालला होता, खलनायकासाठी चालला होता, नायिकेच्या गरोदर बहिणीसाठी तर बक्षीस मिळण्याइतका सुरेख चालला होता.

"मग काय बिघडलं?" अप्पांनी विचारलं. "सिनेमात आतां माणसं चालत नाहींत?"

"चालतात. माझ्याच पायांनी चालतात." गिरीधरनं हातातली ओली पानं खाली ठेवली. "चार वर्षांपूर्वी सालिग्राम भागातल्या एका स्टुडिओनं बोलावलं होतं, आठवतं? आठवडाभर मुक्काम. म्हातारा चाला, दारुडा चाला, अनवाणी, बुटात, चिखलात, जिना चढून, जिना उतरून. मला वाटलं, काय नशीब! ते सगळं त्यांनी साठवून ठेवलं. आता एक मुलगी कॉम्प्युटरपुढे बसते, पडद्यावरचा माणूस दाखवते आणि ते यंत्र माझी पावलं त्याच्या पायांखाली घालतं. वजन वाढवतं, कमी करतं. तिथे मी लागत नाही."

"म्हणजे तुझे पाय तिकडे," अत्या हळूच म्हणाली, "आणि तूं इकडे."

"परवा आपण सगळे मिळून ती मालिका बघत होतों. सासू जिना उतरून आली आणि तुम्ही म्हणालात, आली बघा चेटकीण. तो मीच होतों अत्या. मी तुमच्या शेजारी शेंगा सोलत बसलों होतों."

अत्यानं बंद टीव्हीकडे पाहिलं. मग उठून तिनं त्या पडद्यावर टॉवेल टाकला.

सुष्मितानं नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून आज रजा घेतली होती. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक करून तिचे डोळे लाल झाले होते, आणि आता ते कशानं लाल आहेत हे गिरीधरला सांगता आलं नसतं.

"मी रोज डबा भरून दिला," ती म्हणाली. "तुम्ही तो कुठे खाल्ला?"

"वर."

"माझ्या डोक्यावर बसून? मी रजेच्या दिवशी सगळ्यांच्या मागून खाली एकटी जेवायची, तेव्हा तुम्ही वर एकटे जेवत होता?"

त्याला मान वर करवली नाही. दिवस मोजून उत्तर देण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तो नुसता "हो" म्हणाला.

"मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"काही नाही. चांगलंच बोलली असतीस. त्याचीच भीती वाटली."

अप्पा खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांना हे सगळं बाजूला सारायचं होतं आणि एकच गोष्ट हातात धरायची होती.

"तूं वर चालत असशील," ते म्हणाले. "नाहीं म्हणत नाहीं. पण मी जें ऐकतों तें तुझं नव्हे. साठ वर्षांत... बावन्न वर्षं मी तें ऐकलेलं आहे. रविवारीं बी ऐकतों."

"रविवारी मी घरातच असतों अप्पा. तुमच्याजवळ."

"तेंच मी म्हणतों."

नंदितानं हातातलं पान खाली ठेवलं. बाहेर भाजीवाली ओरडत गेली. रविवारी वर काय वाजतं, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही. गिरीधरलाही नाही.

"दाखव," अत्या म्हणाली. "तूंच होतास तर चालून दाखव."

नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला नंतर कळलं. त्या क्षणी त्याला आपलं खरं ठरवायचं होतं. शर्टाच्या खिशातले दोन वॉशर त्यानं काढले, पायांच्या बोटांत घातले आणि स्वयंपाकघराच्या दारापासून तो चालत निघाला. डावा पाय किंचित ओढत. तीन पावलांवर थांबून अदृश्य निऱ्या उचलून घेत. वर गच्चीवर एकट्यानं चालणं वेगळं आणि तिची माणसं बसलेली असताना तिच्याच घरात तिच्यासारखं चालणं वेगळं. दुसऱ्याच पावलाला नंदितानं कानांवर हात ठेवले. अत्या पुटपुटत राम राम म्हणायला लागली.

अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. पावलं खुर्चीजवळ आली तेव्हा त्यांनी न बघता आपले पसरलेले पाय मागे ओढले, तिला जायला वाट दिली. बावन्न वर्षं देत आले होते तशीच.

गिरीधर जागच्या जागी उभा राहिला.

"पोदुम," नंदिता म्हणाली. "पुरे अण्णा. काढ ते."

एवढ्यात सुष्मिताचा फोन वाजला. लग्नासाठी सातारहून आलेली पुष्करची आई अर्चनाबाई, आज जेवायला बोलावलेल्या सवाष्णींपैकी पहिली, कपालीच्या तळ्यापाशी पोचली होती आणि रिक्षावाला कुठल्या गल्लीत वळायचं ते विचारत होता. सुष्मितानं त्याला तमिळमधून रस्ता सांगितला आणि फोन ठेवला. मग अत्याकडे पाहून ती म्हणाली, "त्यांना हे पावलांचं कुणी सांगितलंय का?"

अत्या पदराशी चाळा करू लागली.

"अत्या?"

"फोनवर बोलतां बोलतां निघालं. आमच्याकडची मेलेली माणसंसुद्धां लक्ष ठेवून असतात, एवढंच म्हणालें. त्यांना फार पटलं. त्यांनी सातारला बी कळवलं."

"सातारला!" नंदितानं कपाळावर हात मारून घेतला.

झालं, घरचं झालं थोडं आणि सातारनं धाडलं घोडं. आता त्या बाई येणार, वाकून नमस्कार करणार, आणि त्यांना सांगायचं काय, की ती तुमची विहीण नव्हे, मुलीचा भाऊ होता, बेकार, बोटांत नळाचे वॉशर घालून? अत्याला हे लग्न नको होतं ही गोष्ट खरी, पण आपलं हसं झालेलं तिला त्याहून नको होतं. तिनं एका दमात बाजू बदलली.

"हें बघा. भूत कुणाच्या घरांत नाहीं? त्याला कुणी नावं ठेवत नाहीं, हात जोडतात. पण पन्नाशीचा मुलगा घरांत बसून आहे म्हटलं तर पहिलं विचारतात, पितो काय? झांकली मूठ सव्वा लाखाची. गिरी स्टुडिओंत गेला म्हणून सांगायचं."

"आणि कौल?" सुष्मितानं विचारलं. "त्या पावलं ऐकायला येतायत."

सगळ्यांनी एकदमच गिरीधरकडे पाहिलं. थोड्या वेळापूर्वी खोटेपणावर चिडलेली नंदिता त्याच्या जवळ आली आणि तिनं त्याचा हात धरला.

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली. "फक्त आजच्या दिवस."

"मी खरं सांगायला तोंड उघडलं ग," तो म्हणाला. "वर्षानं उघडलं."

"सांगितलंस ना आम्हाला. पुरे झालं. त्यांना कशाला?"

आधारासाठी तो सुष्मिताला शोधत होता, पण ती पान मांडायला आत गेली होती. राहता राहिले अप्पा. वाकडा खिळा पास न करणारा माणूस. ते नाही म्हणतील याची गिरीधरला खात्री होती आणि त्या खात्रीनंच त्याला जरा बरं वाटलं.

"गिरी," अप्पा म्हणाले, "तूं आंत जा."

ते लेकीच्या लग्नासाठी म्हणाले की आणखी एकदा ऐकायला मिळावं म्हणून, हे गिरीधरला उमगलं नाही. अप्पांनाही उमगलं असेल असं नाही.

आतल्या खोलीत पान वाढलेलं होतं. पायस, वडे, डांगर पच्चडी, आईच्या आवडीची कोशिंबीर. पाटावर हिरवी नऊवारी घडी घालून ठेवलेली होती आणि तिच्यावर मल्लीची वेणी. सुष्मितानं समईची वात सारखी केली, एक क्षण त्याच्याकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन कडी घातली. खिडकी बंद होती. गिरीधर भिंतीला टेकून आईच्या पानासमोर बसला. ज्या बाजूला तो बसला होता ती जेवणाऱ्याची बाजू होती, हे लक्षात आल्यावर तो घाईनं उठून खिडकीकडे जाऊन उभा राहिला.

बाहेर चपला निघाल्या. अर्चनाबाईंचा मोकळा सातारी आवाज घरभर पसरला.

"अहो, मी काल ह्यांना सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला! किती भाग्याचं आहे! आमच्याकडे कोण एवढं येतंय विचारायला? बसू का इथे? आणि गिरीधरराव दिसत नाहीत?"

"स्टुडिओत गेलेत," सुष्मिताचा आवाज आला. "मोठा सिनेमा आलाय. हल्ली घरी थांबायला वेळच नसतो."

ती इतकं सफाईनं खोटं बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. दाराच्या अलीकडे उभं राहून आपण बाहेर कुठेतरी भरपूर काम करतो आहोत हे ऐकताना त्याला विचित्र वाटलं. बाहेरचा तो गिरीधर बरा होता. त्याचं सगळं सुरळीत चाललं होतं. आतल्या गिरीधरची कुणाला गरज असेल तर ती पायांपुरती होती.

मग सगळे गप्प झाले. समईचा चर्रर्र असा बारीक आवाज तेवढा राहिला.

"सुंदरी," अप्पांनी हाक मारली.

हे नाव त्यानं वडिलांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. ते 'अग'वर भागवत. त्याच्या अंगातून शिरशिरी गेली आणि त्याच शिरशिरीत त्याचे पाय निघाले. खिडकीपासून पानापर्यंत, डावा ओढत, मध्ये थांबून, निऱ्या उचलून, पाटाशी येऊन टेकत. बाहेर कुणाच्या तरी बांगड्या थरथरल्या. अत्याला सगळं ठाऊक असूनही तिला हुंदका आला. "आल्या," अर्चनाबाई रडत म्हणत होत्या, "आल्या हो, खरंच आल्या."

गिरीधरला आनंद झाला. अगदी लाज वाटावी इतका झाला. वर्षभरानंतर कुणीतरी त्याचं काम ऐकलं होतं आणि दुसरं पाऊल सोडलं तर ते उत्तम झालं होतं.

कौल मिळाला की दार उघडायचं असतं. अप्पांनी उघडलं नाही.

"सुंदरी," ते पुन्हा म्हणाले. "एक विचारायचं राहिलं."

"अप्पा, झालं आता," नंदिता म्हणाली.

"थांब ग. मला विचारूं दे." खुर्ची दाराजवळ ओढल्याचा आवाज आला. "आपलं पोर मला भितें. मी काय केलों एवढं? घर सोडून उन्हांत जाऊनशान बसलें, पर मला सांगितलें नाहीं. तूं असतीस तर तुला सांगितलें असतें. मी रागावलों नाहीं. पर मला हें त्याच्यासमोर म्हणायला येत नाहीं. तूं सांग त्याला." ते थांबले. "तूं रागावली असशील तर तिथेंच राहा. नसशील तर दारापर्यंत ये."

"कुणाबद्दल म्हणतायत?" अर्चनाबाईंनी कुजबुजत विचारलं.

दार पाच-सहा पावलांवर होतं. गिरीधरनं पाय उचलला आणि तो तसाच राहिला.

आईच्या सगळ्या चाली त्याच्याजवळ होत्या. रागानं स्वयंपाकघरात जाणारी, ताप आल्यावर पाणी घेऊन येणारी, देवळातून परतताना रेंगाळणारी, इस्पितळातून शेवटचं घरी आणलं तेव्हाची. पण मुलाला काम नाही हे कळल्यावर ती त्याच्याकडे कशी चालत आली असती, ते त्यानं ऐकलं नव्हतं. ते कळायच्या आधीच ती गेली होती. ती आलीच असती का, तेही त्याला माहीत नव्हतं. शेकडो माणसांची न ऐकलेली पावलं त्यानं बेधडक बनवून दिली होती. आईच्या पायांनी स्वतःलाच माफ करणं त्याला जमेना.

बाहेर अप्पा वाट पाहत होते. त्यांचा श्वास दाराला लागून ऐकू येत होता.

गिरीधरनं वाकून बोटांतले वॉशर काढले आणि खिशात टाकले. आता जायचं तर कुणाच्या पायांनी, हे त्याला कळेना. पंधरा वर्षांत आपण कसे चालतो हे बघायची वेळ आली नव्हती. तो नुसता निघाला. टाचा जड पडल्या, चाल घाईची आणि जराशी वाकडी निघाली. कुठल्याही दिग्दर्शकानं ती पहिल्या फटक्यात नापास केली असती. दाराशी येऊन तो थांबला.

"हे पाऊल वेगळं आहे," अर्चनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं रडू गेलं होतं. "आत कोण आहे हो?"

"वारा—" अत्यानं सुरुवात केली.

कडी निघाली. उजेडानं गिरीधरचे डोळे दिपले. पुढे अप्पा उभे होते, त्यांच्या मागे नंदिता भिंतीला पाठ लावून, आणि तिच्या शेजारी हातात ओटीचा खण तसाच धरून उभ्या राहिलेल्या अर्चनाबाई. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी गिरीधरचं मनगट धरलं आणि त्याला उंबऱ्याबाहेर घेतलं.

"हा आमचा गिरी," ते म्हणाले. "वर्ष झालं, त्याला काम नाहीं. घरींच असतो."